भाऊच्या मेलवरची त्रेसष्ट खाती

घाटकोपर, ३ जून

सुयोग,

काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वनूचं गॅसचं खातं माझ्या मेलवरून तुझ्या मेलवर गेलं. जान्हवीने लॅपटॉप उघडून खात्री केली. मी तिला दोनदा बघायला लावलं, कारण रविवारीच वनू बोरीवलीहून माझ्याशी तासभर फोनवर बोलली आणि या विषयावर तिने चकार शब्द काढला नाही. सख्खी बहीण. नणंदेच्या मुलीच्या केळवणाला काय काय करायचं ते सगळं सांगितलं, हे तेवढं नाही सांगितलं.

मे महिन्यापासून हे सातवं खातं. आधी चेंबूरच्या लवूचं विजेचं कनेक्शन गेलं, तो निदान चुलत भाऊ, मग त्याच्या मुलीचं कॉलेज, मग त्याच्याच विम्याचं काहीतरी. प्रत्येक वेळी मला एक मेल येते: ‘आपला ईमेल पत्ता बदलण्यात आला आहे. हा बदल आपण केला नसल्यास येथे दाबा.’ खाली लाल बटण असतं. मी आतापर्यंत दाबलेलं नाही.

पत्र का लिहितोय असं विचारशील. फोन तू उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा होत नाहीत. जान्हवीचं ऑफिस पवईला, तुझ्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून, म्हणून ती पोचवणार आहे. तिची अट आहे. म्हणाली, “बाबा, मी नेऊन देईन. पण काकाला वाचून दाखवणार नाही आणि तुमचं भांडण सोडवणार नाही.” माझ्यापेक्षा बरी डिस्पॅच क्लार्क होईल.

तिच्या हाती तू निरोप दिलास की त्या मेलवर घराण्यातल्या कोणाकोणाची कुठकुठली खाती आहेत त्याची यादी भाऊने काढावी, म्हणजे सगळ्यांची एकेक करून सोडवता येतील. सोडवता येतील, हा तुझा शब्द. जसं काही मी बांधून ठेवलं होतं.

तू वीस वर्षांचा होतास तेव्हा मी तो पत्ता काढला. कंपनीत आवक-जावकचं रजिस्टर कॉम्प्युटरवर गेलं आणि तो कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आला. आपल्यात तेव्हा दुसऱ्या कोणाकडे नव्हता. साहेब म्हणाले, कोलंबकर, तुमच्या नावाने एक मेल काढून घ्या. मी माझ्या नावाने नाही काढली. ‘कोलंबकर परिवार’ असं टाकलं. तेव्हापासून कोणीही कुठलाही फॉर्म भरला की ईमेलच्या रकान्यात तोच पत्ता. शाळा, गॅस, विमा, दवाखाना, काहीही. काउंटरवरचा माणूस विचारायचा, हा कोणाचा? आपली माणसं सांगायची, आमच्या भाऊचा.

आणि मी ते काम वाऱ्यावर सोडलं नाही. ऑफिसात रोज मेल बघायचो, जिची तिची प्रिंट काढायचो, वर आवक क्रमांक टाकायचो, ज्याच्या त्याच्या नावाच्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये घालायचो आणि शनिवारी वाटायचो. तू दारात दिसलास की आधी तुझं फोल्डर. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “पोस्टमन इलो रे!” अकरा वर्षं एकही शनिवार चुकला नाही. पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले तरी पत्ता कोणी बदलला नाही. मी आली मेल की फोन करून सांगायचो.

आता लवू म्हणतो, “सुयोगनं पाच मिनिटात करून दिल्यान.” पाच मिनिटांचं इतकं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

यादी करून देतो. बाकी सगळं ने. फक्त आईचं हॉस्पिटलचं खातं मी देणार नाही. ती फाइल सहा वर्षांपूर्वी मी काढली, ती इथे राहत होती तेव्हा. मोबाइल माझा, मेल आपली. गेले चौदा महिने ती तुझ्याकडे आहे. तिची साखर किती, गुडघ्याच्या फोटोत काय आलं, डॉक्टरांनी कुठली गोळी बदलली, हे मला त्या मेलवरूनच कळतं. दुसरीकडून कळत नाही. रविवारी ती फोनवर “बरा आसा” म्हणते, मग तिला ऐकू येत नाही म्हणून तुझी शर्मिष्ठा फोन घेते, आणि मग मी ठेवतो.

मार्चमध्ये तिच्या रक्ताचा रिपोर्ट तुला दोन दिवस उशिरा मिळाला म्हणून तू हे सगळं काढलंस, हे मला माहीत आहे. दोन दिवस उशिरा का होईना, मिळाला. मीच पाठवला होता.

भाऊ


घाटकोपर, ६ जून

सुयोग,

बटण मी दाबलं. तुला एव्हाना वनूकडून कळलं असेलच, पण माझ्याकडून लेखी असावं म्हणून लिहितो.

मंगळवारी तुला पत्र लिहून झालं आणि मी ती मेल पुन्हा उघडली. हा बदल आपण केला नसल्यास येथे दाबा. मी केला नव्हता. दाबलं. मला वाटलं, फार तर चौकशी करतील. त्यांनी खातंच गोठवलं.

काल सकाळी वनूचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“भाऊ, माझा गॅस बंद केलास?”

“मी कशाला बंद करू?”

“बुकिंग होत नाहीये. तिथली बाई म्हणते, जुन्या मेलवरून तक्रार आलीय, तुमच्या खात्यात कोणीतरी घुसलंय. जुन्या मेलवर कोण बसतं रे? तूच ना?”

“त्यांनी विचारलं बदल तुम्ही केला का. मी नाही केला. खोटं सांगू?”

“अरे वा, मोठे सत्यवादी! उद्या माझ्याकडे केळवणाला चौदा पानं आहेत. शेगडीवर काय तुझा मेल ठेवू?”

“सुयोगला सांग ना. पाच मिनिटांत करेल.”

तिने आवाज खाली आणला. वनूचा आवाज खाली येतो तेव्हा मला भीती वाटते, लहानपणापासून. मग म्हणाली, “त्यालाच सांगितलं. त्याने काही न बोलता गाडीने इंडक्शन पाठवलीय. शर्मिष्ठाने सोबत दोन पातेली पाठवली, त्यावर चालणारी. आणि तू काय पाठवलंस? तक्रार.”

पातेल्यांचं मला फार लागलं. मला सुचलं नसतं ना. इंडक्शनवर आपली ॲल्युमिनियमची भांडी चालत नाहीत हे मला माहीतच नव्हतं.

“भाऊ,” ती म्हणाली, “तुला नेमकं काय हवंय ते एकदा सांग. मी देते. पण माझ्या गॅसला हात लावू नकोस.”

मी म्हटलं, मला काही नको.

“मग आईला घेऊन गेले तेव्हा दारात काय बोललास ते आठव, आणि गप बस.”

मला आठवत नाही काय बोललो. तू तिला पंधरा दिवसांसाठी म्हणून नेलंस आणि परत आणलं नाहीस, एवढं आठवतं.

जान्हवीने दुपारी तिच्या ऑफिसातून त्यांच्याशी बोलून खातं मोकळं करून दिलं. मला एक अर्ज करावा लागला की तक्रार चुकून झाली. चुकून, असं मी सही करून दिलं आहे. वनूचा गॅस आता तुझ्याच मेलवर आहे, खात्री केली आहे.

भाऊ


घाटकोपर, १० जून

सुयोग,

यादी सोबत आहे. चार पानं. एकूण त्रेसष्ट.

मला वाटलं होतं पंचवीस-तीस निघतील. पण जान्हवीने शोधायची पद्धत शिकवली. वरच्या चौकटीत आधी ‘वेलकम’ टाकायचं, मग ‘व्हेरिफाय’, मग ‘पासवर्ड’. ज्याने कधी खातं काढलं त्याला त्या लोकांनी एकदा तरी या तीनपैकी एक शब्द लिहिलेला असतो. तीन दिवस सकाळी चहा झाला की बसत होतो. नाव, खातं कशाचं, कोणत्या साली काढलं, चालू की बंद, असे रकाने आखले आहेत. चालू असलेल्यांच्या पुढे तांबडी खूण. बारा खाती कोणाची ते कोणालाच आठवत नाही. ती मी बंद करायला सांगितली. त्यातल्या चौघांनी जुना पासवर्ड मागितला. तो असता तर मी त्यांना पत्र कशाला लिहिलं असतं?

लवूने एका परदेशी दुकानात मासे पकडायच्या गळासाठी खातं काढलेलं आहे. त्या दुकानाने त्याला गेली चौदा वर्षं दर वाढदिवसाला शुभेच्छा पाठवल्या. लवूला एकही मिळाली नाही, मी पोचवली नाही. फोन करून सांगितलं तर म्हणाला, “मेल्या, एक तरी सांगायची होतीस, माका घरात कोण करना नाय वाढदिवस!” वनूने कधीतरी गुपचूप इंग्रजी बोलायच्या वर्गाला नाव घातलं होतं, दोन धडे केले आणि सोडलं. जान्हवीचं पहिलं खातं तिच्या आठव्या वर्षी, चित्रकलेच्या स्पर्धेचं. माझ्याच बायकोचं, जानकीचं, एकही नाही. मी तिला विचारलं, तू कधी काही काढलं नाहीस? म्हणाली, “मला काय लागलं तर मी जाऊन यायचे.”

सगळ्यांत जास्त खाती तुझी. एकोणीस. पहिली सहा वर्षं भराभर, दर दोन महिन्यांनी काहीतरी नवीन. आणि मग एकदम एकही नाही. पंधरा वर्षांपूर्वीच तू गेलास, आणि मला ते आता रकाने आखताना दिसलं. तेव्हा तू काही बोलला नाहीस. स्वतःची मेल काढलीस आणि शनिवारी येऊन जेवत राहिलास.

त्यात नोकऱ्यांच्या एका साइटवरचं तुझं खातं अजून चालू आहे. तुझं वय ते लोक अजून तेवीसच धरतात आणि ट्रेनी इंजिनिअरच्या जागा कळवतात. ते यादीत घेतलेलं नाही. काही विशेष नाही त्यात. मी बंद करून टाकीन.

आता दुसरी गोष्ट. काल हॉस्पिटलचे तीन कोड माझ्या मेलवर आले. अकरा वाजून दोन, अकरा चौदा, अकरा चाळीस. सहा-सहा आकडे, दहा मिनिटं चालणारे. म्हणजे तू आईच्या खात्याचा पत्ता बदलायला बसला होतास आणि कोडसाठी थांबला होतास. माझ्या नजरेस ते संध्याकाळी पडले. मी सकाळी बाजारात गेलो होतो.

हे लिहीत असताना जानकी समोर लसूण सोलत बसली आहे. मी लिहिताना पुटपुटतो हे तुला माहीत आहे. ती म्हणाली, “अहो, काल तुम्ही बाजारात गेलाच नव्हता. कोलंबी मी आणली.”

बरं. घरी होतो. तिन्ही वेळा फोन वाजला, तिन्ही वेळा बघितला. दुसऱ्या कोडच्या वेळी तू मला फोन करशील असं वाटलं. एक फोन, ‘भाऊ, आकडे सांग.’ मी सांगितले असते की नाही मला माहीत नाही. पण तू केला नाहीस.

चोवीस तारखेला आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. हे मला वनूने सांगितलं, तुला समोरासमोर सांगितलं असेल डॉक्टरांनी. तू शेजारी बसला असशील. तिची पिशवी तुझ्या मांडीवर असेल.

भाऊ


घाटकोपर, १३ जून, सकाळ

सुयोग,

हे तुझ्या हाती येईपर्यंत जान्हवीने तुला फोन केलेला असेल. तरी लेखी देतो. आईचं ऑपरेशन चोवीसला नाही, एकोणीसला आहे. सर्जन परदेशी जाणार असल्यामुळे तारीख अलीकडे आणली. रक्त पातळ करायची गोळी उद्यापासून, म्हणजे चौदापासून, बंद करायची. बाकीच्या गोळ्या चालू. अठराला दुपारी चार वाजता दाखल करायचं. हॉस्पिटलच्या मेलची प्रिंट सोबत आहे. जान्हवीला मी फक्त तारीख आणि गोळी सांगितली. पुढचं तिला माहीत नाही.

ही मेल मला परवा, अकराला संध्याकाळी पावणेपाचला आली. त्याआधी त्यांचा फोनही आला होता. मुलीचा आवाज होता.

“सुंदराबाई कोलंबकरांचे नातेवाईक का?”

“हो.”

“पेशंटचे तुम्ही कोण?”

“मोठा मुलगा.”

“तारीख बदललीय सर. मेल पाठवतेय. घरी सगळ्यांना सांगाल ना?”

“सांगतो,” म्हटलं.

चौदा महिन्यांत मला कोणी विचारलं नव्हतं की पेशंटचे तुम्ही कोण. त्या मुलीला काय माहीत, आई पवईला आहे, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये, आणि मोठा मुलगा इथे तिसऱ्या मजल्यावर. तिच्या फाइलमध्ये एकच नाव होतं आणि ते माझं होतं. मी मेल उघडली, वाचली, प्रिंट काढली. अजून प्रिंटच काढतो. आणि मग ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

मी काय ठरवलं होतं ते सांगतो. अठरा तारखेला सकाळी रिक्षा करून तुझ्याकडे यायचं. तू दार उघडणार. मी म्हणणार, आईची बॅग भरा, आज दाखल करायचं आहे. तुम्हाला ठाऊक नाही? मला ठाऊक आहे. वनू, लवू, शर्मिष्ठा, सगळ्यांना कळेल की भाऊच्या मेलवाचून चालत नाही. रिक्षात आईच्या बाजूला मी बसणार. एवढंच ठरवलं होतं, आणि परवा रात्री जेवताना मला बरं वाटत होतं. जानकी म्हणाली, आज काय खुशीत?

गोळीचं वाक्य मेलच्या चौथ्या ओळीत आहे. ते मी वाचलं नव्हतं, असं आत्ता लिहिणार होतो. वाचलं होतं. परवाच. मला वाटलं, बघू, चौदाला अजून वेळ आहे, काहीतरी करून वनूमार्फत कळवू, आपलं नाव न येता. काल दिवसभर तेच वाटत राहिलं. काल संध्याकाळी जान्हवी घरी आली आणि बूट काढता काढता म्हणाली, “आजीला विचारत होते, गुडघा चोवीसला करायचाय, भीती वाटते का. तर म्हणते, भाऊक सगळा म्हायत आसता, माका कित्याक भीती?”

तुझ्या घरात बसून ती असं म्हणते. मला हेच हवं होतं, आणि ते माझ्या खिशात प्रिंट असताना आलं. मी उठून गॅलरीत गेलो. आज पहाटे जान्हवीला उठवून तारीख सांगितली.

आता जे यादीत घेतलं नाही ते.

अठरा वर्षांपूर्वी, अंधेरीच्या कंपनीचं तुझं इंटरव्ह्यूचं बोलावणं. ट्रेनीची जागा, निवड झाली तर सहा महिने जपानला. तुला आठवतं, शनिवारी मी तुला फोल्डर दिलं, तू उभ्या उभ्या वाचलंस आणि हसलास. “अरे भाऊ, हा तर काल होता.” मी म्हटलं, शनिवारी वाटायची पद्धत आहे, माझा इलाज नाही. आईने तुझ्या पानात मासा वाढला आणि म्हणाली, जावंदे, दुसरा येतला. तू जेवलास. मला नीट आठवतं, तू दोनदा भात घेतलास. त्यानंतर पुन्हा कधी तू तो विषय काढला नाहीस, माझ्यावर रागावलाही नाहीस. पद्धतच तशी होती.

ती मेल मंगळवारी आली होती. मंगळवारी सकाळी दहा वाजता मी ती वाचली. इंटरव्ह्यू शुक्रवारी होता हे मंगळवारी मला माहीत होतं. त्या दिवशी प्रिंट काढली, आवक क्रमांक टाकला, फोल्डरमध्ये घातली. ऑफिसातून घरी यायला तास लागायचा, फोन होता, वाण्याकडे निरोप ठेवता आला असता. बुधवारी तू मला स्टेशनवर भेटलास, आपण सोबत चालत घरी आलो. तू तात्यांच्या चपलांबद्दल काहीतरी बोलत होतास. मी सांगितलं नाही.

का, तर जपान. मी छत्तीस वर्षांचा होतो, बारा वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटत होतो आणि माझ्या नावाचं एकही असं आलं नव्हतं. गिरणी बंद होऊन तात्यांचा पगार थांबला तेव्हा मी कॉलेज सोडलं, तुझा डिप्लोमा त्यातूनच झाला, हे मी तुला कधी बोललो नाही. बोललो नाही याचा मला अभिमान होता. त्याऐवजी हे केलं. शनिवारची पद्धत होती म्हणून कोणी विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं.

नोकऱ्यांच्या त्या खात्यात ते बोलावणं अजून आहे, तारखेसकट. मी ते खातं बंद करणार होतो. केलेलं नाही. त्रेसष्टच्या जागी चौसष्ट लिही.

दारात काय म्हणालो तेही आठवतं. “घेऊन जा, पण मग परत आणू नकोस.” आई पायऱ्यांवर होती, तिने ऐकलं. तू पंधरा दिवसांनी आणणार होतास. मीच आणू दिलं नाही.

भाऊ


घाटकोपर, १६ जून

सुयोग,

जान्हवीने तुझा निरोप सांगितला. “भाऊला सांग, गोळी बंद केली.” मी विचारलं, आणखी काय म्हणाला? ती म्हणाली, “बाबा, पत्र वाचलं, खिडकीत उभा राहिला, मग चहा पिणार का विचारलं. पुढचं विचारू नकोस, माझी अट आठव. एवढंच.”

ठीक आहे. उत्तर मागत नाही.

शनिवारी वनू येऊन गेली. केळवणाचे लाडू घेऊन आली होती, गॅसचा विषय काढला नाही. जाताना म्हणाली, “तू एकोणीसला येणार ना हॉस्पिटलात?” मी म्हटलं, बोलावलं तर. ती म्हणाली, “तुला लेखी लागतं का?” शर्मिष्ठाने आईच्या खोलीत रात्री कोण थांबणार त्याच्या पाळ्या लावल्या आहेत असं तिच्याकडून कळलं. माझं नाव त्यात आहे की नाही हे मी विचारलं नाही. शर्मिष्ठा नीट करत असेल. ते मला आवडत नाही, पण नीट करत असेल.

आता कामाचं. आईचं हॉस्पिटलचं खातं तुझ्या मेलवर आणि तुझ्या मोबाइलवर घे. ते अठराच्या आत व्हायला हवं, कारण दाखल केल्यावर तिथले सगळे निरोप त्या पत्त्यावर येतात, आणि ऑपरेशनच्या वेळी तू तिथे उभा आणि निरोप घाटकोपरला, असं होता कामा नये. मी जान्हवीकडून समजून घेतलं आहे. तू त्यांच्या पानावर ‘पत्ता बदला’ दाबायचं. सहा आकडे मला येतील. दहा मिनिटं चालतील. ते तू माझ्याकडून घ्यायचे आणि तिथे टाकायचे. मग मला तीच मेल येईल, हा बदल आपण केला नसल्यास. मी बटण दाबणार नाही.

आकडे जान्हवीने कळवले तरी चालतील, तिला मी विचारलं. ती म्हणाली, “नाही. तुम्ही दोघे बोला.”

उद्या मंगळवार. साडेदहाला तू ऑफिसात असशील, मी घरी असेन. फोन चार्ज करून ठेवतो. तू दाबलंस की मला फोन कर, मी आकडे वाचून दाखवीन. दोनदा वाचीन, म्हणजे चूक होणार नाही. दुसरं काही बोलायचं नसलं तर बोलू नकोस.

त्यानंतर आईची कुठलीही खबर माझ्या मेलवर येणार नाही. एकोणीसला सकाळी आठ वाजता तिला आत नेतील, इथपर्यंत मला माहीत आहे. बाहेर कधी आणलं, शुद्धीवर आल्यावर काय म्हणाली, पाय हलवला का, हे तू सांगितलंस तर कळेल.

भाऊ